ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं

पोरगी रडायची थांबली, तेव्हा मला भीती वाटली.

रडणाऱ्या पोराला मी कधी घाबरले नाही. जळगावच्या एका हाडांच्या दवाखान्यात, प्लास्टर रूममध्ये माझी सगळी नोकरी गेली. तिथे दिवसभर तोच आवाज. पोर रडतं म्हणजे दुखतं, आणि दुखतं म्हणजे तिथे अजून रक्त पोचतं. ही पोरगी किंचाळतच आली होती. सातेक वर्षांची असेल. अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा नवा परकर, केसांत सुकलेला मोगरा, आणि उजव्या कोपराला बांबूच्या कामट्या लावून त्यावर धोतराच्या पट्ट्या करकचून गुंडाळलेल्या. पट्टीबाहेरची बोटं सुजून निळसर पडलेली. हातात घेतली तर माठातल्या पाण्यासारखी गार. एक बोट हळूच सरळ करून बघितलं, तशी ती टेबलावरून उठून पळायलाच निघाली. आणि थोड्या वेळाने एकदम गप्प झाली. छताकडे बघत म्हणाली, "आते नई दुखत."

तिच्या आजीचा चेहरा उजळला. "दखा," ती म्हणाली, "बांधेल शे म्हणीसन थांबनं."

बांधलं आहे म्हणून दुखायचं थांबलं, असं तिला वाटलं. खरं उलट होतं. हाताला आता दुखणंही कळेनासं झालं होतं.

डॉक्टर आत दुसऱ्या ऑपरेशनला उभे होते. मधल्या दारातून एक्स-रे बघून त्यांनी सांगितलं होतं, सगळं सोडा, एक धागा ठेवू नका, हे टाके घातले की मी आलोच. मी कात्री घेऊन पुढे झाले, तर आजीने दोन्ही हात त्या पट्टीवर पसरले.

"जो बांधस तोच सोडस," ती म्हणाली. "नानाले येऊ द्या."

नाना म्हणजे ज्याने तो हात बांधला तो हाडवैद्य. आणि नाना म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ.

हे दवाखान्यात कोणापासून लपलेलं नव्हतं. आमचं गाव पाचोऱ्याच्या बाजूला. वडील हाडवैद्य, त्यांचे वडीलही. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, पण खरी शाळा आमच्या ओट्यावर होती. मोडलेले हातपाय घेऊन लोक बैलगाडीतून यायचे. मी बांबूच्या कामट्या तासायचे, त्यांच्या कडा काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत करायचे. विद्या मात्र भावाला मिळाली, कारण तो मुलगा. नवरा गेल्यावर मी जळगावला आले आणि दवाखान्यात लागले. तिथेही हाडंच. डॉक्टरांकडे कामट्या बांधलेलं पोर आलं की ते मला हाक मारायचे, "अक्का, तुमच्या माहेरचा माल आलाय." मी म्हणायचे, तुमच्याकडनं बरे होऊन मोटारसायकलवर गेलेले परत मोडून येतात, त्यांचं काय. असं आमचं चालायचं.

माझं काम काय होतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं मी फरशी पुसायचे. फरशीही पुसायचे. पण मुख्य काम पोर धरायचं आणि प्लास्टर भिजवायचं. प्लास्टरची पट्टी म्हणजे पांढरी भुकटी लावलेलं जाळीचं कापड. कोमट पाण्याच्या बादलीत ती बुडवायची, बुडबुडे येणं थांबलं की काढायची आणि दोन्ही टोकं धरून हलकं पिळायचं. फार पिळली तर भुकटी बादलीत जाते, कमी पिळली तर प्लास्टर वाळत नाही. आधी कापूस, मग पट्टी. धरायचं तळहाताने. बोटाने दाबलं की खड्डा पडतो, तो आतून कातडीला टोचत राहतो. वाळताना ते गरम होतं, तेव्हा पोरं ओरडतात की मला भाजलं. मी म्हणायचे, भाकरी भाजतात तसं आहे, आता फुगेल, बघ. ती बघत बसायची. फुगत काही नाही, पण तोवर वाळून होतं.

काढायच्या वेळी करवत लागते. आवाज गिरणीसारखा. पोरं टेबलाखाली जाऊन बसतात. ती करवत फिरत नाही, नुसती थरथरते. कडक वस्तू कापते, मऊ कातडी तिच्याबरोबर हलते. ती मी आधी माझ्या तळहाताला लावून दाखवायचे. एवढं दाखवूनही एका पोराने मला चावा घेतला होता. जामनेरकडचा होता. त्याच्या पायाचं प्लास्टर काढलं तर आत मुगाला मोड आले होते. खाजतं म्हणून तो वरून एकेक दाणा टाकायचा, घरंगळताना बरं वाटायचं. घामाने भिजून ते उगवले. आई त्याला मारायला धावली. डॉक्टर म्हणाले, मारू नका, हाडही जुळलं आहे आणि पीकही आलं आहे.

पोरांचं हाड मोठ्यांसारखं नसतं. म्हाताऱ्याचं हाड वाळल्या काटकीसारखं तुटतं. पोराचं लिंबाच्या ओल्या काडीसारखं वाकतं, एका बाजूने फाटतं. आणि ते वाढत असतं, म्हणून थोडं वाकडं जुळलं तरी पुष्कळदा वाढताना आपोआप सरळ होतं. हाडवैद्यांचं नाव झालं ते यामुळेच. मनगटाजवळचं पोराचं हाड देव बांधो की दगड बांधो, बहुतेक वेळा जुळणारच. मी हे नानाला तोंडावर सांगितलं होतं. तो म्हणाला, मग तुमचा डॉक्टर काय वेगळं करतो? मी म्हटलं, तो कोपराला घाबरतो. तू घाबरत नाहीस.

कोपर ही वेगळी गोष्ट. पोर हात टेकून पडलं की कोपराच्या जरा वरचं हाड मोडतं. त्याच्या अगदी पुढून रक्ताची नळी जाते. हाड सरकलं की नळी दबते. वरून सूज येते. सुजेला जागा लागते, आणि आपण तर चारी बाजूंनी आवळून ठेवलेलं. मग रक्त खाली उतरत नाही आणि मांस आतल्या आत मरतं. हाडाला कितीही दिवस मिळतात, मांसाला काही तासच. एकदा ते मेलं की हात राहतो, पण बोटं आत वळतात ती उघडत नाहीत. असा एक मुलगा मी बघितला होता, सातपुड्याच्या पायथ्याकडचा. डोंगरातून खाली यायलाच त्यांना काही दिवस लागले होते. पट्टी सोडली तेव्हा करायला काही उरलं नव्हतं. आता तो मोठा झाला आहे, बाजारात डिंक आणि मोहाची फुलं विकतो, डाव्या हाताने तराजू धरतो. हुशार आहे, त्याचं बरं चाललं आहे. पण त्याची ती बंद मूठ मी विसरले नाही. रोशनीची बोटं गार लागली तेव्हा मला तीच दिसली.

रोशनी हे या पोरीचं नाव. तिचं गाव धुळ्याकडे. आई सुनंदा, अखाजीला पोरीला घेऊन माहेरी आलेली. आमच्याकडे अखाजीला लेक माहेरी येणार, लिंबाला झोके बांधणार, बायका-पोरी गाणी म्हणत उंच उंच झोके घेणार, हे ठरलेलं. त्या आठवड्यात आमच्या दवाखान्यात पोरींचे कोपरच कोपर. डॉक्टर आधीच लहान मापाच्या पट्ट्या आणून ठेवायचे. रोशनी सकाळी दोघींच्या झोक्यावर तिसरी चढली आणि हात सुटून पडली.

आता सुनंदाची अडचण अशी की पोर माहेरी पडली. सासरी कळलं असतं तर म्हणाले असते, माहेरी मिरवायला गेली आणि पोरीचा हात मोडून आणला. म्हणून मामा आणि आजी तिला गुपचूप शेजारच्या गावी नानाकडे घेऊन गेले. नानाने बांधलं. दुपारपर्यंत हात सुजला, पोर लोळायला लागली. परत गेले तर नाना घरी नाही. अखाजीला आमच्याकडे पुरुष पत्ते खेळतात, त्या दिवशी त्याला कोणी नावं ठेवत नाही. नाना कुठल्यातरी मळ्यात पत्त्यांना बसला होता आणि फोन बंद करून बसला होता. मामाला तेवढी अक्कल आली की त्याने पोरीला गाडीत घालून जळगावला आणलं. पण आजी बरोबर आली ती पट्टीची राखण करायला.

मी तिला सरळ सांगितलं, आजी, हात मरतोय. ती म्हणाली, अर्ध्यात सोडलं तर हाड काळं पडतं.

ते वाक्य माझ्या बापाचं. मी लहान असताना त्याने ते काढलं. झालं असं की लोक घरी गेल्यावर खाज सुटली की पट्टी सोडायचे, आंघोळ घालायचे, परत कशीतरी बांधायचे. हाड सरकायचं आणि नाव वैद्याचं खराब व्हायचं. म्हणून त्याने सांगायला सुरुवात केली की ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं, दुसऱ्याचा हात लागला तर हाड काळं पडेल. आम्ही घरात हसायचो. पुढे लोकांना ते खरंच वाटायला लागलं, आणि नाना मोठा होईपर्यंत त्यालाही.

मी आजीला हे सगळं सांगितलं. म्हटलं, वैद्याने लोकांना भीती घालायला सांगितलेली गोष्ट आहे ती.

"तू दवाखानानी बाई शेस," ती म्हणाली. "तू असंच सांगशी."

आणि तिने पोरीला उचललं. मामा दारात उभा होताच. सुनंदा मध्येच, ना इकडे ना तिकडे. कंपाउंडर ओरडला, पोलिसांना बोलवू का? त्याने आजी आणखीच बिथरली. मला दिसत होतं की ही आता निघाली. नानाला मळ्यामळ्यात शोधतील, तो सापडेल, सोडेल, आणि तोवर हात गेलेला असेल. ओरडून काही होणार नव्हतं. ओरडण्याने माणूस दवाखान्यातून लवकर जातो एवढंच मी बघितलं आहे.

आजी चालताना डावा पाय जरासा बाहेर टाकत होती. मी विचारलं, "आजी, तुमना पाय कोणी बांधा व्हता?"

ती थांबली. "नानाना बापनी," म्हणाली. लग्नाआधी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली होती. तेव्हापासून त्याच पायावर शेतात उभी होती.

"तो मनाच बाप," मी म्हटलं. "मी त्याच घरनी आंडेर शे, लेक शे."

तिने मला खालून वरपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "कामट्या तासे ती?"

"तीच."

"तुनी एक कामटी माले टोचे," आजी म्हणाली. "महिनाभर टोचनी."

मी म्हटलं, माझ्याकडून घासायची राहिली असेल. पण आता हे ऐका. ज्या घराने बांधलं त्याच घरचा हात सोडतो आहे. तुमचा नियम मोडत नाही. नाना नाही तर मी.

तरी तिला खात्री हवी होती. तिने पट्टीकडे बोट केलं आणि म्हणाली, मग गाठ कुठे ते सांग. वर मनगटाजवळ एक चांगली जाडजूड गाठ दिसत होती. कंपाउंडरही तिकडेच कात्री नेत होता. मी म्हटलं, ती गाठ खोटी. खरी काखेच्या बाजूला, आतल्या कामटीखाली दडवलेली. हीसुद्धा माझ्या बापाचीच करामत. लोकांनी घरी सोडू नये म्हणून वर खोटी गाठ दाखवायची.

आजी अजून पोरीला सोडत नव्हती. तेव्हा सुनंदा पुढे आली. आल्यापासून तिने तोंड उघडलं नव्हतं. आईच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "माय, सोडू दे तिले. मनी पोर शे."

आजीने हात काढले.

मी खरी गाठ हाताने सोडली, आजीला दिसेल अशी. बाकीचं कात्रीने कापलं, कारण नियम पाळून झाला होता. शेवटची पट्टी निघाली तेव्हा कामट्यांचे वळ दंडात बोटभर रुतलेले, मध्ये पाण्याचे फोड. कातडी दगडासारखी ताठ. मी फुंकर घातली नाही, चोळलं नाही. नुसता कोपर ज्या स्थितीत होता तिथून थोडा सैल केला आणि खालून दोन्ही तळहातांवर तो हात धरून बसले. तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी मनगट चाचपलं, बोटांची नखं दाबून बघितली, कोपर आणखी थोडा सरळ केला. चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत ते. नुसतं म्हणाले, "अक्का, आत घ्या."

सहीसाठी कागद आला. मामा म्हणाला, पोरीच्या बापाला विचारायला पाहिजे, तो धुळ्याहून येईपर्यंत... डॉक्टर म्हणाले, आई उभी आहे ना समोर. सुनंदाने सही केली. सही करताना तिला ठाऊक होतं की आता सासरी सगळं कळणार.

आत काय केलं ते मला डॉक्टरांनी नंतर समजावलं. हाड जागेवर आणून बारीक तारा घातल्या. पण हाताचं मांस सुजून इतकं ताणलं होतं की त्याला मोकळं करायला कोपरापासून मनगटापर्यंत लांब चीर द्यावी लागली आणि ती तशीच उघडी ठेवावी लागली. ऐकायला भयंकर वाटतं. पण शिवण उसवली नाही तर अंग कापडात गुदमरतं, तसंच ते. डॉक्टरांचा हात त्या दिवशी फार चांगला चालला. हाडवैद्याची पोर असून सांगते, ते काम आमच्या घराण्यात कोणाला जमलं नसतं.

संध्याकाळी रोशनीचा बाप आला. उंच, काळासावळा, कपाळावर धूळ बसलेली. मोटारसायकलवर एका दमात आला होता. पोरगी आत झोपली होती, हात पांढऱ्या पट्ट्यांत. त्याने एकच विचारलं, बांधलं कोणी. मामा बुटांकडे बघायला लागला. आजी भिंतीला टेकून बसली.

नाना तोवर आला होता. गावातल्या कोणीतरी मळ्यात जाऊन त्याला निरोप दिला होता. दाराबाहेरच्या बाकड्यावर एका टोकाला तो बसला होता. रोशनीच्या बापाने त्याला कधी बघितलं नव्हतं. गप्प बसला असता तर बापाला कळलंही नसतं. तो उठून उभा राहिला.

"मी बांधं," तो म्हणाला.

बापाने त्याची गचांडी धरली. नानाने हात वर केला नाही. मी मध्ये पडले नाही. माझा भाऊ असला तरी मला ते योग्य वाटलं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, मारायचं असेल तर आवाराबाहेर मारा, इथे पोरं झोपली आहेत. हाताचं मला उद्या कळेल, मग कोणाला मारायचं ते ठरवा. त्याने गचांडी सोडली आणि बायकोकडे वळला. "आते माहेर इसरी जाय," म्हणाला. माहेर विसर. सुनंदा आत जाऊन पोरीजवळ बसली.

दुसऱ्या दिवशी बोटं कोमट लागली. नख दाबून सोडलं की गुलाबी व्हायला लागलं. पण हलत नव्हती. डॉक्टर म्हणाले, जिवंत आहेत, कामाला लागतील की नाही ते सांगता येत नाही.

डॉक्टरांनी नानाला प्लास्टर रूममध्ये बोलावलं. मला वाटलं आता याची चामडी निघणार. ते म्हणाले, "नाना, पोरांचा कोपर तुम्ही बांधू नका. एवढं एकच मागतो. बाकी मी तुमच्याशी भांडत नाही." नाना मान खाली घालून उभा. मग त्याने विचारलं, कोपर मोडला की नुसता मुरगळला हे मी कसं ओळखू? डॉक्टर म्हणाले, ओळखू नका. सुजला की इकडे पाठवा. आणि मग त्यांनी त्याला नख दाबून बघायला शिकवलं, माझ्याच नखावर. नाना ते इतक्या लक्ष देऊन बघत होता की मला आमचे वडील शिकवताना आठवले. तेव्हाही तो असाच पुढे वाकून बघायचा, आणि मी मागे कामट्या तासत बसायचे.

पुढचे महिने कंटाळवाणे होते. हाड जुळणं ही सोपी गोष्ट, हात कामाला लावणं ही खरी मेहनत. उघड्या जखमेवर मांडीची पातळ कातडी काढून लावली. तारा निघाल्या. मग व्यायामाच्या बाईंनी रोशनीला बोटं उघडा-मिटा करायला लावलं, ओला स्पंज पिळायला लावला. ती रडायची. मला बरं वाटायचं. बाप तिला घेऊन यायचा, धुळ्याहून एस.टी.ने. त्याचं शेत होतं, कामं होती, पण एकदाही चुकला नाही. व्यायाम चालू असताना तो तिच्यासमोर बसून स्वतःची मूठ उघडायचा, मिटायचा, तिची ईर्ष्या वाढावी म्हणून. त्याच्या लक्षात नसायचं की तिचा व्यायाम संपल्यावरही तो करतच बसला आहे.

नानाही यायचा. पहिल्यांदा आला तो तिळाच्या तेलाची बाटली घेऊन, मालिश करायला. मी म्हटलं, ते तुझ्या डोक्याला लाव. मोडलेल्या कोपराला चोळलं की नको तिथे हाड तयार होतं आणि सांधा धरतो. घरोघरी हीच चूक होते. नानाने बाटली परत पिशवीत ठेवली. पुढच्या वेळी भुईमुगाच्या ओल्या शेंगा आणल्या. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, हे चांगलं आहे, पोरीला शेंगा फोडू द्या. रोशनी अंगठा आणि दोन बोटांनी शेंग धरायची, ती निसटायची, परत धरायची. एक फुटली की पोर सगळ्यांना दाखवायची. बाप नानाशी बोलत नव्हता. पण एक दिवस शेंगांचा ढीग राहिला आणि त्याने हात घालून स्वतः फोडायला सुरुवात केली. दोघे समोरासमोर बसून शेंगा फोडत होते, एकमेकांकडे न बघता. सगळे दाणे रोशनीने खाल्ले.

त्यानंतर नानाने कोपर बांधला नाही. काळीपिवळी जीपमध्ये बसवून पोरं आमच्याकडे पाठवायचा, कधी स्वतः घेऊन यायचा. डॉक्टर म्हणायचे, "अक्का, तुमच्या माहेरचा माल आलाय, या वेळी न बांधता." मनगटं मात्र तो बांधत राहिला. कामट्या सैल आणि बोटं उघडी. वरची खोटी गाठ त्याने बंद केली. आणि निघताना प्रत्येक आईला सांगायचा की बोटं गार पडली तर लगेच सोडा, तुम्ही सोडा, शेजारणीला सोडायला लावा, रस्त्यावरच्या माणसाला लावा, माझी वाट बघू नका. लोकांना ते पटायला वेळ लागला. काही बायका म्हणायच्या, याच्या बापाचं औषध जास्त कडक होतं.

सुनंदाचं माहेर त्यानंतरच्या अखाजीला बंदच राहिलं. त्याच्या पुढच्या अखाजीला नवऱ्याने स्वतः आणून सोडलं. अट एकच, पोर झोक्यावर बसणार नाही. पोर अर्थातच बसली. आजी लिंबाखाली खाट टाकून तिचा झोका राखत बसली होती, दुसरी कोणी चढली की काठी दाखवायची. हे मला नानाने सांगितलं. तो तिथून जाता जाता बघून आला होता.

आजी आता नाही. नानाही गेला, गेल्या उन्हाळ्यात. डॉक्टर अजून पोरं बघतात, पण ऑपरेशन कमी करतात. मी घरी असते, माझेच गुडघे दुखतात. रोशनी बारावीला आहे. हातावर कोपरापासून मनगटापर्यंत वण आहे, करंगळी पूर्ण सरळ होत नाही. त्याच हाताने ती लिहिते.